डाव्या मांडीतली गाठ

मी एक जुना मालिशचा बाक आहे. कमरेइतका उंच, मोठं माणूस पालथं पडेल इतका लांब. डोक्याच्या बाजूला एक गोल भोक आहे. पालथं पडल्यावर त्यात तोंड ठेवून श्वास घेता यावा म्हणून ते कापलेलं. आता माझ्यावर कंदांच्या टोपल्या असतात आणि एक तपकिरी कोंबडी रोज त्या भोकावर बसून अंडं घालते. अंडं खाली पडून फुटतं. तिला अजून अक्कल आलेली नाही.

मित्रांनो, माझी स्वतःची गोष्ट चार ओळींत संपण्यासारखी आहे. मी कुठे धावलो नाही की जिंकलो नाही. पण पंधरा वर्षं एका मुलीचे पाय माझ्यावर विसावले. नॉर्डिया पिनॉक तिचं नाव. ती शंभर मीटर धावायची. तुम्ही ते नाव ऐकलं नसणार. आमच्या जमैकात वेगाने धावणाऱ्या मुली गल्लोगल्ली सापडतात आणि जगाला त्यातल्या पहिल्या तिघींचीच नावं कळतात. नॉर्डिया त्या तिघींत कधी आली नाही. का आली नाही, ते मला ठाऊक आहे. फार थोड्यांना ठाऊक आहे.

माझा जन्म स्टोनी गॅपचा. डोंगरातलं गाव, लाल माती, एकच रस्ता. गावात मिस डॉरेट नावाची बाई राहत असे. तिने बावीस वर्षं जिल्ह्याच्या इस्पितळात मदतनीस म्हणून काढली होती आणि तिच्या हाताला गुण होता. पाठ धरली, मान अवघडली, की माणसं तिच्याकडे येत. ती त्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर झोपवून एरंडेल चोळी. एकदा चर्चचे पास्टर झोपले आणि टेबलाचे दोन पाय मोडले. पास्टर तसे खात्यापित्या घरचे होते. त्या दिवशी मिस डॉरेट तडक मास क्लोव्हिसकडे गेली. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'मास' म्हणतात. मास क्लोव्हिस गावचा सुतार, पण त्याचा मुख्य धंदा शवपेट्यांचा.

"सीडरच्या चांगल्या फळ्या आहेत," तो म्हणाला. "ग्रिफिथ्ससाठी कापून ठेवल्या होत्या."

"मग? त्याला लागणार नाहीत?"

"तो बरा झाला ना. काय करणार!"

असा मी तयार झालो. मास क्लोव्हिसने माझ्या कडा रंध्याने गोल केल्या, वर काथ्याची गादी ठोकली आणि पायांना तिरप्या पट्ट्या मारल्या. "आता पास्टरच काय, त्यांचा घोडाही झोपवा," असं म्हणत त्याने मला मिस डॉरेटच्या पडवीत आणून ठेवलं.

नॉर्डिया पहिल्यांदा आली तेव्हा बारा वर्षांची होती. तिची आई, मिस मर्टल, बाजारात भाजी विकायची. शाळेच्या शर्यतीत पोरीचा घोटा मुरगळला होता आणि आई तिला जवळजवळ ओढतच घेऊन आली होती. पोर काटकुळी, गुडघे बाहेर आलेले, डोळे मोठे. मला पाहताच दारातच अडून बसली.

"मी नाही झोपणार यावर. हा मेलेल्या माणसाचा बाक आहे. सगळ्या शाळेला माहीत आहे."

"मेलेली माणसं एवढी बडबड करत नाहीत," मिस डॉरेट म्हणाली. "झोप गुपचूप."

ती झोपली. तिने तोंड त्या भोकात घातलं आणि मला पहिल्यांदा तिचा चेहरा दिसला. ही माझी एक खास गोष्ट आहे, मित्रांनो. पालथ्या पडलेल्या माणसाचा चेहरा मालिश करणाऱ्याला दिसत नाही. तो फक्त मला दिसतो. वर मिस डॉरेट विचारत होती, "दुखतं का गं?" आणि पोर ठणठणीत आवाजात म्हणत होती, "नाही, मिस." खाली मात्र तिने डोळे गच्च मिटले होते आणि ओठ दाताखाली धरला होता.

मिस डॉरेट फसणाऱ्यातली नव्हती. "तोंड खोटं बोलतं," ती म्हणायची, "पायाची बोटं खोटं बोलत नाहीत. तुझी बोटं बघ कशी आवळलीत. पुन्हा सांग, दुखतं?"

"थोडंसं."

"हां. आता कसं!"

तेव्हापासून ती दर शनिवारी यायची. शाळेच्या स्पर्धांत ती आधी तालुक्यात पहिली आली, मग साऱ्या परगण्यात. मार्च महिन्यात किंग्स्टनला शाळांच्या मोठ्या स्पर्धा असतात, तिथे ती दोन वर्षं अंतिम फेरीत धावली आणि दुसऱ्या वर्षी दुसरी आली. त्या दिवशी आमच्या पडवीत रेडिओभोवती गावाची जत्रा भरली होती. मिस मर्टल माझ्या काठावर बसून एवढ्या जोरात ओरडली, की तिची पाठ धरली आणि तिलाच माझ्यावर झोपवावं लागलं.

त्या शर्यतीनंतर किंग्स्टनहून एक प्रशिक्षक आले. लिंटन बेकफर्ड. उंच, कोरडे, मोजकं बोलणारे. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं स्टॉपवॉच. त्यांनी नॉर्डियाला आपल्या क्लबात बोलावलं. अठरा वर्षांची ती पोर पडवीत उभी राहून म्हणाली, "मिस डॉरेट येणार असतील तर मी येते."

"अगं, माझ्या कोंबड्या?" मिस डॉरेट म्हणाली.

"कोंबड्या आई बघेल."

बेकफर्ड सरांनी मिस डॉरेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "क्लबला मालिश करणारं माणूस हवंच आहे," ते म्हणाले. "पण हे धूड कसं न्यायचं?"

मला बसच्या टपावर कंदांच्या पोत्यांमध्ये बांधलं. कंडक्टर म्हणाला, "मिस, शवपेटीला पाय कधीपासून फुटले?" मिस डॉरेटने त्याला असा काही आशीर्वाद दिला, की किंग्स्टन येईपर्यंत त्याने पुन्हा तोंड उघडलं नाही.

त्यानंतरची नऊ वर्षं माझ्या आयुष्यातली भरभराटीची. मैदानाच्या कडेला एक मोठा पर्जन्यवृक्ष होता, त्याच्या सावलीत माझी जागा. पहाटे साडेपाचला मुली येत. गवतावर दव असे. सर एकेकीला पळवत, ओरडत नसत, फक्त आकडा सांगत. तो आकडा ऐकून पोरींचे चेहरे उतरत किंवा खुलत. मग मिस डॉरेट सगळ्यांना मक्याच्या पिठाची गरम पेज वाटी आणि एकेकीला माझ्यावर घेई. मालिश करताना ती चर्चमधली गाणी म्हणे, आणि ती इतकी बेसूर म्हणे, की मुली म्हणायच्या, "मिस, पाय बरा झाला, आता गाणं थांबवा."

सरांचा एक नियम होता. मिस डॉरेटच्या अंगठ्याखाली ज्या पायाला कळ येईल, तो पाय शर्यतीत उतरणार नाही. घड्याळ काय सांगतं ते ते स्वतः बघत. पायाच्या बाबतीत मात्र तिचा शब्द शेवटचा. सगळा क्लब तिला मान देत असे, आणि तिच्यामुळे थोडा मलाही. सर वर्षातून एकदा स्वतः माझ्या पायांचे स्क्रू आवळत.

नॉर्डियाचे पाय माझ्या गादीला पाठ झाले होते. उजवी टाच जाड. डाव्या पोटरीवर कुंपणाच्या तारेचा जुना वण. ती एकवीस वर्षांची असताना देशाच्या निवड चाचणीत चौथी आली. पहिल्या तिघी परदेशी मोठ्या स्पर्धेला गेल्या. दोन वर्षांनी ती पुन्हा चौथी आली, तिसरीपेक्षा सेकंदाच्या दोन शतांशांनी मागे. रिलेच्या संघात मात्र तिला घेतलं. तिथे ती पहिल्या फेरीत धावली आणि अंतिम फेरीत तिच्या जागी दुसरीला उतरवलं. संघाला पदक मिळालं, नियमाप्रमाणे तिलाही मिळालं. तिने ते आईच्या कपाटात ठेवून दिलं. "जी शर्यत मी खुर्चीत बसून पाहिली, तिचं आहे ते," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा चौथी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्यावर पालथी पडली होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी भोकातून खाली गवतात पडत होतं.

"चौथी म्हणजे काय गं?" मिस डॉरेट म्हणाली. "दुसऱ्या एखाद्या देशात असतीस तर चौकात पुतळा उभारला असता तुझा."

"मग आईला सांगायचं होतं, दुसऱ्या देशात जन्म दे म्हणून."

"मर्टल? ती तालुक्याच्या बाजाराला जायलासुद्धा दोन बस चुकवते. ती कसली तुला परदेशात जन्म देतेय!"

नॉर्डिया रडता रडता हसली. पण मिस डॉरेटचे हात थांबले होते. तिने तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा कामाला लागली. तिला मूलबाळ नव्हतं, हे मी तुम्हाला सांगायला हवं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला बरं वाटत नाही. पण त्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही.

नॉर्डिया सत्तावीस वर्षांची झाली. त्या वर्षी ती जशी धावत होती तशी आधी कधीच धावली नव्हती. चाचणीआधीच्या शर्यतींत देशात तिची वेळ तिसरी होती. जूनच्या शेवटी चाचणी. सोळा दिवस उरले होते. सकाळची वेळ, सर मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होते. मिस डॉरेटचा अंगठा तिच्या डाव्या मांडीच्या मागून वर सरकत होता. मध्येच तो थांबला. मलाही जाणवलं. तिथे मटारच्या दाण्याएवढी एक गाठ होती, आणि तिच्याभोवतीचा स्नायू दोरीसारखा ताठ झाला होता.

"हे कधीपासून?"

"काय?"

"नॉर्डिया."

"परवापासून. धावताना काही होत नाही, मिस. फक्त थांबल्यावर ओढल्यासारखं वाटतं."

"सरांना सांगितलंस?"

नॉर्डिया उठून बसली. "तुम्हीही सांगू नका."

"वेडी आहेस का?"

"मिस, ते मला बसवतील. पुढच्या वर्षी मी अठ्ठावीस. त्या नव्या पोरी पाहिल्यात ना, शाळेतून आलेल्या? पुढच्या वर्षी मी चौथीसुद्धा येणार नाही. मला हे एकच वर्ष आहे." तिने मिस डॉरेटचे तेलाने माखलेले हात धरले. "तुम्ही रोज चोळा. शेक द्या. तुम्ही म्हणाल ते करते. फक्त बोलू नका. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलंय का?"

मागितलं नव्हतं, हे खरं होतं.

मिस डॉरेटने हात सोडवून घेतले. मग म्हणाली, "पालथी हो." एवढंच. पण त्या दिवशी तिने गाणं म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, सर माझ्यापाशी आले. नॉर्डिया नुकतीच कपडे बदलायला गेली होती. सर कधी असं मुद्दाम येऊन विचारत नसत. त्यांनी स्टॉपवॉचची नाडी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मिस डॉरेट, नॉर्डियाचा पाय कसा आहे?"

मिस डॉरेट फडक्याला हात पुसत होती. ती पुसतच राहिली.

"ठीक आहे," ती म्हणाली.

सरांनी मान डोलावली आणि ते निघून गेले.

पुढचे दिवस ती रोज दोनदा त्या मांडीला शेक देई. रानकारल्याच्या वेलीचा कडू काढा पाजी. गाठ थोडी मऊ पडली. चौथ्या की पाचव्या दिवशी ती म्हणाली, "पोरी, अजून वेळ गेलेली नाही. मी सांगू का त्यांना?" नॉर्डियाने भोकातूनच नकारार्थी मान हलवली. मी तिचा चेहरा पाहत होतो. लहानपणी घोटा मुरगळला तेव्हा होता, तसाच तो मिटलेला होता. मला बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. पण लाकडाला वाचा नसते, आणि ज्यांना वाचा होती त्या दोघी गप्प होत्या.

चाचणीच्या दिवशी मला क्लबच्या गाडीतून सरावाच्या मैदानावर नेलं. मुख्य मैदान भिंतीपलीकडे. तिथली शर्यत मला दिसत नाही, पण लोकांचा आवाज ऐकू येतो. नॉर्डिया पहिली फेरी धावून आली. उपांत्य फेरी धावून आली. तिचे डोळे चमकत होते.

"मिस, दुसरी आले! सहज!"

"दाखव पाय."

"नंतर, नंतर."

संध्याकाळचं ऊन पडलं होतं. अंतिम फेरीच्या आधी सगळं स्टेडियम एकदम शांत झालं. मग बंदुकीचा बार, आणि त्यामागून तो आवाज, हजारो माणसं एकाच वेळी उठून ओरडतात तो. मिस डॉरेट माझी कड धरून उभी होती. ती पुटपुटत होती, "धर रे देवा, एवढी शंभर पावलं धर." आवाज वाढत गेला, वाढत गेला, आणि मध्येच त्यात एक हुंदक्यासारखा "आऽ" मिसळला. शर्यत कुणीतरी जिंकली होती. लोक ओरडत होते. पण मिस डॉरेटने तो मधला आवाज ऐकला होता. तिने माझ्यावरचं सामान उचलून गादी मोकळी केली.

नॉर्डियाला स्ट्रेचरवरून आणलं आणि माझ्यावर ठेवलं. साठ मीटरपर्यंत ती तिसरी होती. नंतर लोकांनी सांगितलं, की गोळी लागावी तशी तिने मांडी धरली, दोन उड्या मारल्या आणि ट्रॅकवर कोसळली. उरलेल्या सात जणी पुढे निघून गेल्या. ती ओरडत नव्हती. तोंड भोकात घालून नुसते श्वास घेत होती.

बेकफर्ड सर आले. त्यांनी काही न बोलता तिच्या मांडीवर हात ठेवला. वरचा स्नायू फाटून तिथे खळगा पडला होता. पण त्याच्या खाली त्यांना आणखी काहीतरी लागलं. एकोणीस वर्षं पाय पाहिलेला माणूस तो.

"ही गाठ आजची नाही," ते म्हणाले.

मिस डॉरेट पुढे झाली. "नाही."

"किती दिवसांची?"

"मला कळून सोळा."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो, सर."

"मीच सांगितलं होतं बोलू नका म्हणून!" नॉर्डिया खालून ओरडली. "सर, माझी चूक आहे, त्यांची नाही!"

सरांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. ते आल्या पावली निघून गेले. मिस डॉरेट बर्फ आणायला गेली. डबा आणला खरा, पण तो तिच्या हातून निसटला आणि बर्फ सगळा गवतात सांडला. दुसऱ्याच एका बाईने तो गोळा करून फडक्यात बांधला.

त्या दिवसानंतर मिस डॉरेटने कुणाच्या पायाला हात लावला नाही. क्लबात कुणी तिला जा म्हटलं नाही. सरांनी तर काहीच म्हटलं नाही, आणि तेच तिला सोसलं नाही. आठवड्याने तिने आपली पिशवी भरली. मी पुन्हा बसच्या टपावर. या वेळी कंडक्टरने काही चेष्टा केली नाही. तिच्याकडे पाहून कुणी करूच शकलं नसतं.

नॉर्डिया तेव्हा इस्पितळात होती. निरोप घेणं झालं नाही.

नॉर्डिया पुढे दोन वर्षं धावली. मांडी भरली, पण पूर्वीचा वेग काही आला नाही. शेवटच्या चाचणीत ती पहिल्याच फेरीत सहावी आली. ती कधी थांबली हे कुणाला कळलं नाही. पेपरात आलं नाही, कुणी हार घातला नाही. एके दिवशी ती सरावाला गेली नाही, इतकंच. मग ती समुद्राकाठच्या एका गावात शाळेत खेळाची शिक्षिका झाली. हे सगळं मिस मर्टलच्या तोंडून आमच्या पडवीत पोचायचं. "तुझी आठवण काढते गं ती, डॉरेट," मिस मर्टल म्हणायची. मिस डॉरेट कंद निवडत म्हणायची, "कशाला काढेल? मी तिचा पाय घालवला." तिकडे नॉर्डियाला कुणी मिस डॉरेटबद्दल विचारलं, की ती म्हणायची, "माझ्यामुळे त्या माउलीचे हात थांबले. कुठल्या तोंडाने जाऊ?" दोघी एकाच दुःखाची दोन टोकं धरून बसल्या होत्या, आणि मिस मर्टल बिचारी, तिला दोन्हीकडचं नीट सांगता येत नसे. पुढे तीही वारली, मग तेवढाही दुवा राहिला नाही.

एकदा, मला वाटतं सातवं वर्ष असेल, दुपारच्या बसमधून एक बाई उतरली आणि आमच्या फाटकापाशी येऊन उभी राहिली. हातात कागदाचं पुडकं. डावा पाय किंचित जपून टाकत होती. मी चालीवरून ओळखलं. मिस डॉरेटनेही ओळखलं. ती आत स्वयंपाकघराच्या खिडकीशी होती, तिने पडदा बाजूला केला आणि तसाच सोडला. नॉर्डिया फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभी होती. पाच मिनिटं गेली असतील. मिस डॉरेट पडद्यामागून हलली नाही. शेवटी नॉर्डियाने पुडकं फाटकाच्या खांबावर ठेवलं आणि ती रस्त्याला लागली.

"कोण होतं गं, आत्या?" मिस डॉरेटची भाची हर्माइन आतून विचारत आली.

"कुणी नाही. रस्ता चुकली असेल."

पुडक्यात नारळाच्या वड्या होत्या. मिस डॉरेटने त्यातली एक घेतली, माझ्यापाशी बसून हळूहळू खाल्ली आणि बाकीच्या वड्या गावातल्या मुलांना वाटून टाकल्या. त्यानंतर दोन वर्षं ती जगली. साखरेचा आजार होता. आधी दृष्टी अधू झाली, मग मूत्रपिंडं गेली. ऑगस्ट महिन्यात एका सकाळी हर्माइन पेज घेऊन गेली, तेव्हा ती संपली होती.

आमच्याकडे माणसाला आपल्याच आवारात पुरतात. घरामागे फणसासारख्या दिसणाऱ्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली तिच्या आईवडिलांची थडगी आहेत, त्यांच्या शेजारी तिची जागा केली. दुपारी दफन झालं. सगळा गाव आला होता, परसात बकऱ्याचं सूप रटरटत होतं, माणसं जुन्या आठवणी काढून हसत होती. पास्टरांच्या मोडक्या टेबलाचा किस्सा तर तीनदा झाला.

नॉर्डिया आली होती. छत्तीस वर्षांची, काळ्या पोशाखात. गर्दी परसात गेल्यावर ती पडवीत माझ्यापाशी आली, माझ्यावरच्या टोपल्या बाजूला केल्या आणि गादीवर हात ठेवून उभी राहिली. थोड्या वेळाने काठी टेकत एक म्हातारा पायऱ्या चढून आला. बेकफर्ड सर. त्यांनी टोपी काढली.

"येशील असं वाटलंच होतं," ते म्हणाले.

"तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं, सर."

ते माझ्या कडेला टेकले. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुझ्या पायाचं. त्या सोमवारी वळणावर पळताना तू डावा पाय आखडत होतीस. मी पाहिलं. मंगळवारी मी तिला विचारायला गेलो ना, तेव्हा मला सगळं ठाऊक होतं."

"मग विचारलंत कशाला?"

"मला 'ठीक आहे' ऐकायचं होतं." ते म्हणाले. "एकोणीस वर्षं झाली होती मला शिकवायला, आणि माझी एकही मुलगी पहिल्या तिघींत आली नव्हती. तू येणार होतीस. मी स्वतः तुला थांबवू शकत होतो. मी ते तिच्यावर टाकलं. आणि नंतर सगळ्यांसमोर म्हणालो, मी विचारलं होतं तुम्हाला."

परसातून कुणाच्या तरी हसण्याचा मोठा आवाज आला.

"नऊ वर्षं," नॉर्डिया म्हणाली. "नऊ वर्षं ती समजत होती की तिनेच..." तिने गादीवरचा हात काढून घेतला. "तुम्ही हे तिला सांगायला हवं होतं, सर."

"हो."

"मग आता मला काय सांगता? मला सांगून काय होणार आहे?"

"तुला नाही तर कुणाला सांगू?"

नॉर्डियाने हात लांब करून घरामागच्या झाडाकडे दाखवलं. "तिथे आहे ती. तिला जाऊन सांगा."

तो म्हातारा उठला. त्याने टोपी छातीशी धरली, काठी टेकत पायऱ्या उतरला आणि ओल्या लाल मातीच्या ढिगाऱ्याकडे गेला. तिथे तो वाकून उभा राहिला. त्याचे ओठ हलताना दिसत होते. काय बोलला ते पडवीपर्यंत पोचलं नाही. आणि जिच्यासाठी बोलत होता तिच्यापर्यंत पोचलं का, ते कोण सांगणार?

नॉर्डिया तोवर माझ्यावर डोकं टेकून रडत होती. "मी आले होते, मिस," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी फाटकापर्यंत आले होते. पडदा हलला, आणि मला वाटलं, तुम्हाला मी नको आहे."

संध्याकाळच्या बसने दोघंही गेली, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून. हर्माइनने विचारलं होतं, "हा बाक न्यायचा का तुम्हाला?" नॉर्डिया नको म्हणाली. मला राग आला नाही. तिने माझ्यावर काय काय सोडून दिलं आहे, ते मी जाणतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी स्वतःसाठी काहीतरी मागतात. रंग द्या, तेल द्या, अडगळीत टाकू नका. मला त्यातलं काही नको. मी लाकूड आहे, कोंबडीची अंडी सोसून आणखी काही वर्षं उभा राहीन. माझं मागणं दुसरं आहे. कुठे दुखत असेल तर सांगा. कुणाला विचारणार असाल, तर खरं उत्तर ऐकायची तयारी ठेवूनच विचारा. आणि ज्याची माफी मागायची आहे त्याच्याकडे तो जिवंत आहे तोवर जा. फाटकाची कडी काढा, आत जा.

नॉर्डियाच्या गावाहून आमच्या गावाला यायला बसने अडीच तास लागतात.